जुनी डिझेल व्हॅन घेतलीय? आधी पाईप बघा, पंप नंतर

आमच्याकडं एक जुनी तेरा सीटर डिझेल व्हॅन आहे, एमएच १३ म्हणजे सोलापूर पासिंग, आमच्याआधी दोन मालक होऊन गेलेत आणि आमच्या दारात येऊन आता सात वर्षं झाली. कंपनी कुठली ते मुद्दाम सांगत नाही कारण खाली जे लिहितोय ते सगळ्याच जुन्या डिझेल गाड्यांना लागू पडतंय आणि उगं वाद नको. शनिवार-रविवार अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असं देवदर्शनाचं भाडं, मधल्या दिवसांत एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या कामगारांची ने-आण आणि सीझनला लग्नाची वऱ्हाडं, म्हणजे गाडीला आराम नाही आणि बंद पडली की लगेच खिशाला कळतंय.

आपल्याकडं जुनी डिझेल गाडी गॅरेजला नेली की तीनपैकी एक उत्तर ठरलेलं असतंय. पंप (इंजिनला डिझेल पुरवणारा) गेला, हेड (इंजिनचा वरचा भाग) गेलं, नाहीतर इंजिन उतरवा. कधीकधी ते खरं पण असतंय, नाही म्हणत नाही. पण माझ्या सात वर्षांत दहातल्या आठ वेळा दुखणं निघालं ते रबरी पाईप, क्लिप, वॉशर, अर्थिंगची पट्टी नाहीतर रेडिएटरमधल्या पाण्याचं. म्हणून स्वस्तातलं आधी तपासायचं आणि गॅरेजला जायच्या आधी आपल्याला काय काय बघता येतंय ते लिहितोय.

एक गोष्ट आधीच. हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीसाठी आहे. बोनेट उघडा, पंपापासनं प्रत्येक नोझलला (इंजिनात डिझेल फवारतं ते) वेगळी बारीक लोखंडी पाईप जात असली आणि नोझलच्या डोक्यावर वायरचा सॉकेट नसला तर ही आपली जुनी गाडी. एका जाड कॉमन पाईपमधनं सगळ्या नोझलला फाटे गेलेत आणि प्रत्येक नोझलला वायर आहे असं दिसलं तर ती कॉमन रेल, तिच्या डिझेलच्या नट-पाईपला हात लावू नका, आतलं प्रेशर इतकं असतंय की डिझेलची बारीक धार कातडीतनं आत घुसते आणि बाहेरनं नुसतं टाचणी टोचल्यासारखं दिसतं पण तडक दवाखाना गाठावा लागतो. जुन्या गाडीत पण चालू इंजिनवर नोझलच्या पाईपजवळ बोट नेऊन लीक चाचपायचं नाही, पुठ्ठा धरायचा.

आता सगळ्यात जास्त छळणारा प्रकार. सकाळी चावी मारली की गाडी एका सेल्फात सुरू होते, दहा-पंधरा सेकंद चालते, मग आचके देऊन बंद, आणि त्यानंतर सेल्फ मारून मारून बॅटरी बसेपर्यंत सुरू होत नाही. आमची गाडी दोन वर्षांपूर्वी हेच करत होती. एका गॅरेजला दाखवली, त्यांनी पाच मिनिटात सांगितलं पंप उघडावा लागेल, आणि आकडा असा सांगितला की मी गाडी ढकलतच परत आणली. मग ओळखीच्या एका ड्रायव्हरनं एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी आणलं. चाचांनी पंपाकडं बघितलं पण नाही. पिशवीतनं गवंडी वापरतो ती लेव्हलची पारदर्शक पाईप काढली, वीतभर तुकडा कापला आणि फिल्टर ते पंप यांच्यामधली काळी रबरी पाईप काढून तिथं तो बसवला. प्रायमर (लाईनमध्ये डिझेल भरायचा हातपंप) मारून गाडी सुरू केली आणि मला म्हणाले, देख बेटा. बघतोय तर पिवळसर डिझेलमधनं साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग एक पंपाकडं निघालेत, मुंग्यांच्या रांगेसारखे. "पंप कू हात नक्को लगा, हवा पी रहा बिचारा." एवढंच बोलले आणि टाकीकडनं येणारी एकेक पाईप हातानं वाकवून बघायला लागले. क्लिपच्या खाली, जिथं नजर जात नाही तिथं, रबराला केसाएवढी भेग होती. अर्धा फूट पाईप आणि दोन क्लिपा, काम संपलं. पैसे चहाच्या बिलापेक्षा थोडे जास्त.

हे का होतंय ते समजून घ्या म्हणजे शोधायला सोपं जातंय. टाकीपासनं पंपापर्यंतची लाईन ओढीवर असते, पंप डिझेल खेचतो. त्यामुळं भेग असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलटी हवा आत जाते, म्हणून खाली एक थेंब दिसत नाही आणि सगळे पंपावर घसरतात. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या भेगेतनं हवा शिरते आणि लाईनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडं उतरतं, पंपात उरलेल्या थेंबांवर सकाळी दहा सेकंद चालते आणि मग कोरडी. ज्यांच्या गाडीला वेगळा फीड पंप (टाकीतनं डिझेल खेचून पुढं ढकलणारा) आहे त्यांच्यात फीड पंपाच्या पुढची लाईन दाबावर असते, तिथं लीक असेल तर डिझेल बाहेर येऊन धूळ बसून काळा चिखल झालेला दिसतो.

खात्री करायची तर रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावा. सकाळी नीट सुरू झाली आणि तोंड वर करून लावल्यावर त्रास दिला तर नव्वद टक्के हवाच. मग ओळीनं बघत जायचं, टाकीवरची पाईप, चासीला घासून जाणारी जागा, फिल्टरच्या डोक्याचा रबरी रिंग (फिल्टर बदलताना जुनाच परत बसवलेला असतोय बरेचदा), बँजो बोल्टचे (पाईपच्या जोडाचा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, हाताचा प्रायमर स्वतः, आणि नोझलवरनं परत जाणाऱ्या बारीक ओव्हरफ्लोच्या पाईपा. या ओव्हरफ्लोच्या पाईपा उन्हानं आणि इंजिनच्या गरमीनं वाळलेल्या लाकडासारख्या होतात, वाकवल्या की कट्कन मोडतात, मीटरवर मिळतात, सगळ्या एकदम बदला. तांब्याचा वॉशर एकदा दाबला की झाला, प्रत्येक वेळी नवा टाकायचा. आणि ती पारदर्शक पाईप तपासण्यापुरतीच हां, कायमची ठेवायची नाही, डिझेलनं ती कडक होऊन तडकते आणि परत तेच रडगाणं.

एअर कशी काढायची ते आता. फिल्टरच्या डोक्यावर एअरचा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करा, खाली चिंधी धरा, प्रायमर मारत राहा, आधी फेस येतो मग बुडबुडे मग साफ डिझेल. साफ धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तेवढ्यानं बरेचदा सुरू होते. नाही झाली तर नोझलकडचे पाईपचे नट एकेक आटा सैल करा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, आपण तोंड आणि हात लांब ठेवून बघायचं, प्रत्येक नटातनं डिझेल पचकायला लागलं की आवळायचं. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर सलग मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर डिझेलचं दुखणं बरं होईल आणि सेल्फ जळेल.

फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा नळ असतो. पावसाळ्यात पंधरा दिवसाला आणि एरवी महिन्याला काचेच्या बाटलीत थोडं सोडून बघा, पाणी खाली बसतं आणि डिझेल वर तरंगतं, लगेच रेघ दिसते. टाकी कायम रिकामी ठेवणाऱ्यांच्या गाडीत पाणी जास्त निघतं कारण रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा थंड होऊन पाणी धरतो. पंप आणि नोझल खरोखर मरतात ते या पाण्यानं, डिझेलच त्यांचं वंगण आहे.

सकाळी सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधनं पांढरा धूर येतो, डिझेलचा डोळ्याला झोंबणारा वास येतो पण इंजिन पकडत नाही, आणि एकदा गरम झालं की दिवसभर काही त्रास नाही, हे हीटर प्लगचं (गार इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आतनं तापणारे प्लग) काम. आपल्याकडं थंडी ती काय, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपासचे पंधरा दिवस, त्यामुळं मे महिन्यात दोन हीटर मेलेले असले तरी कळत नाही आणि जानेवारीत पहाटे पाचच्या भाड्याला कळतं. तपासायला बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. सगळ्या प्लगना जोडणारी पट्टी काढायची, बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. बल्ब लागला तर प्लगची आतली तार जिवंत, नाही लागला तर मेला. सगळे जिवंत असले तर चावी हीटरवर ठेवून पट्टीला करंट येतोय का बघा, येत नसेल तर रिले नाहीतर फ्यूज. जुना प्लग खोलताना इंजिन कोमट असू दे, मुळाशी तेल सोडा, अडला तर थोडा आवळून परत सोडवा, ताकद लावली तर तो हेडमध्ये मोडतो आणि मग खरंच हेड उतरवावं लागतंय. आणि तो स्टार्टिंगचा स्प्रे हवेच्या नळीत मारायची सवय काहींना असते, हीटर प्लगच्या इंजिनात तो मारू नका, गरम प्लगवर तो स्फोटासारखा पेटतो.

सेल्फच हळू फिरत असेल, घर्र घर्र करत, तर बॅटरी घ्यायला पळू नका. आधी अर्थिंग. बॅटरीच्या मायनसपासनं एक वायर बॉडीला आणि एक जाड पट्टी इंजिन किंवा गिअरबॉक्सला गेलेली असते, जुन्या गाडीत तिच्या तारा गंजून निम्म्या राहिलेल्या असतात. मल्टिमीटर असेल तर काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारताना आकडा बघा, ०.५ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर जंपर केबलची एक वायर बॅटरीच्या मायनसपासनं थेट इंजिनला लावून सेल्फ मारा, फरक आवाजातच कळतो. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवायला पाहिजे, कमी दाखवत असेल तर फॅन बेल्ट ढिला की डायनॅमोचे कार्बन झिजले ते बघा.

सेल्फ जोरात, डिझेल साफ, हीटर चांगले आणि तरी धूरच नाही, एक ठसका पण नाही, तर पंपावरची सोलनाइड (करंटवर डिझेल चालू-बंद करणारी) बघा. चावी ऑन केली की पंपाजवळ टक् असा बारीक आवाज यायला पाहिजे. वायर निघाली असेल तर तिथं करंटच जात नाही आणि डिझेल बंदच राहतं. उलटा प्रकार, चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, तिथं पण आधी हीच बघायची.

आता गरम होणं, आपल्या सोलापूरचा खास आजार. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, वर एसी चालू, तेरा माणसं आणि त्यांची कडक भाकरी-शेंगा चटणीची गाठोडी, आणि पुढं तुळजापूरचा घाट. यात गाडीपेक्षा जास्त गुन्हेगार आहे आपलं बोअरचं पाणी. वडील वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये अंगणातल्या बोअरचंच पाणी ओतायचे. मी पहिल्यांदा रेडिएटर खोलून आणला तर आतल्या नळ्यांमध्ये जुन्या तांब्याच्या बंबात बसतो तसला पांढरा थर, काही नळ्यांमध्ये काडी पण जात नव्हती. पाणी जडच एवढं आहे. त्यामुळं बोअरचं पाणी बंद, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंटचा उपयोग फक्त थंडीतल्या देशात असतो असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, गंज थांबवणं आणि उकळायचा बिंदू वर नेणं हे त्याचं इथलं काम आहे. थर साफ करून घेतला की कधीकधी जुनी भोकं उघडी पडून रेडिएटर गळायला लागतो, तो साफ करणाऱ्याचा दोष नसतो, थरानंच भोक बुजलेलं असतंय.

गरम कधी होते त्यावरनं बराच अंदाज येतो. घाटात आणि ट्रॅफिकमध्ये गरम, हायवेला पळताना नॉर्मल, तर हवा मिळत नाहीये, म्हणजे फॅन, फॅनचं कपलिंग, ढिला बेल्ट नाहीतर जाळीत अडकलेला कचरा. गावात नॉर्मल पण हायवेला ऐंशीच्या वर गेलं की काटा चढतो, तर पाणी फिरत नाहीये, रेडिएटर आतनं चोंदलाय. उसाच्या सीझनला ट्रॅक्टरच्या मागं मागं जाऊन जाळीत पाचटाचा भुसा बसतो आणि गंमत म्हणजे तो बाहेरनं दिसत नाही, एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मध्ये जाऊन गादीसारखा बसतो. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या पाईपनं पाणी मारा, सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा गन जवळून मारला तर जाळीच्या पात्या झोपतात.

रेडिएटरचं टोपण पण बघा. रबर कडक झालेलं टोपण प्रेशर धरत नाही, मग पाणी शंभरलाच उकळतं, चांगलं टोपण असेल तर ११५ च्या पुढं टिकतं. थर्मोस्टॅट, ज्याला आपल्याकडं वॉल म्हणतात, तो काढून फेकायची इथल्या गॅरेजात पद्धतच आहे, गाडी गरम होणार नाही म्हणे. माझं मत, हा अडाणीपणा आहे. इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त खातं, धूर मारतं आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात. वॉल काढून गरम पाण्याच्या भांड्यात बुडवा, पाणी उकळायच्या आधीच तो उघडायला पाहिजे, नाही उघडला तर नवा टाका. (स्वयंपाकघरातलं पातेलं घेऊ नका, कूलंट विषारी असतं, आणि घरात शिव्या बसतात त्या वेगळ्या.)

रस्त्यात काटा लालवर गेला तर एसी बंद, केबिनचा हीटर फुल गरमवर, उन्हाळा असला तरी, कारण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. बाजूला घ्या, पाणी शिल्लक असेल तर दोन मिनिटं हळू चालू राहू द्या आणि मग बंद करा. पाणी सगळं गेलं असेल तर लगेच बंद. टोपण अर्धा तास तरी उघडायचं नाही आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तिथंच तडकतं.

हेड गॅसकेट (हेड आणि इंजिन यांच्या मधलं पॅकिंग) खरंच गेलंय का हे तुम्ही स्वतः बघू शकता. सकाळी गार इंजिनला टोपण काढून, पाणी काठोकाठ भरून सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात ते सोडा, पण एक्सलेटर दिल्यावर भांड्यात डाळ शिजतेय तसे सलग येत राहिले तर गेलं. दुसरी खूण, टोपण लावून गार गाडी सुरू केली आणि दोन मिनिटात वरची रबरी पाईप दगडासारखी कडक झाली, अजून पाणी कोमट पण नाही. ऑइलच्या टोपणाखाली चहाच्या सायीसारखं काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जातंय, गाडी जागेवरनं हलवू नका. यातलं काहीच नसेल आणि मिस्त्री हेड म्हणत असेल तर त्याला विचारा कशावरनं. हेड उतरलंच तर नुसतं गॅसकेट बदलून बसवू देऊ नका, लेथवर नेऊन हेड सपाट आहे का बघून घ्या, वाकलं असेल तर फेस मारून (घासून सपाट करून) घ्या.

धुराचं थोडक्यात. काळा म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, पहिलं एअर फिल्टर काढून झटका, आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यात तो भरतो. टर्बो असेल तर टर्बोपासनं जाणाऱ्या रबरी पाईपची फाट बघा, पिकअप पण गेलेला असतो. मग नोझल, ते पंप-नोझलच्या दुकानात चाचणी करून घ्या, अंदाजानं बदलू नका. निळा म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल भरायचं टोपण उघडून चालू इंजिनवर नुसतं ठेवा, ते थयथय नाचून उडालं आणि आतनं धूर फुकफुक करत आला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे वरचा दाब खाली गळतोय, रिंगा गेल्यात, इथं मात्र इंजिनचं काम खरं. टोपण शांत असेल तर टर्बोचा सील नाहीतर वॉल्व्हचे सील. टर्बो फार ऑइल फेकत असेल तर टाळाटाळ करू नका, इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. तसं झालंच तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा, इंजिन दाबून मारायचं. ऑइल टाकल्यावर दोन दिवसात काळं होतं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल काळंच होतंय.

ब्रेकचा पेडल अचानक दगडासारखा झाला तर लायनर बघायच्या आधी पेडल हलका करणारा व्हॅक्यूम बघा. डिझेलमध्ये व्हॅक्यूमचा वेगळा पंप असतो, बऱ्याच गाड्यांत डायनॅमोच्या मागंच. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा, पेडल थोडा खाली बसायला पाहिजे. नाही बसला तर पाईप फाटली, पंप गेला नाहीतर बूस्टर. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते पाणी ओढतं आणि घाट उतरताना तापून पेडल स्पंजासारखा होतो. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवणाऱ्यांच्या गाडीत मी बसत नाही.

टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि आधीच्या मालकाकडं बदलल्याचं बिल नसेल तर तोंडी सांगितलेलं काही धरू नका, घेतल्याच्या आठवड्यात बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदला. तो तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग मिस्त्री म्हणेल ते सगळं खरं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तो पण तेव्हाच, मजुरी एकच.

क्लच दाबल्यावर किर्र आवाज आणि सोडल्यावर बंद, तर रिलीज बेअरिंग. चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी पुढं सरकत नाही, तर प्लेट. गाडी सोडताना खालनं टण्ण असा आवाज आला तर जॉइंटचा क्रॉस (चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टचा सांधा), हातानं शाफ्ट हलवून खेळ बघा, पण गाडी सपाटीला, चाकांना दगड लावून, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मी पण नाही आणि चाचा पण नाहीत. सरकत्या दाराचा खालचा रोलर सहा महिन्यांला ग्रीसनं भरा, तो मोडला की दार हातात येतं, आमचं अक्कलकोटात मंदिरासमोरच आलं होतं.

गाडीत माझ्याकडं कायम एक डबा असतो. १० पासनं १९ पर्यंतचे पाने, पक्कड, तांब्याचे वॉशर मूठभर, क्लिपा, मीटरभर डिझेलची पाईप, एक डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, बल्ब आणि दोन वायरी, पाच लिटर कूलंट भरलेला कॅन, चिंध्या. आणि चाचांनी कापलेला तो लेव्हल पाईपचा वीतभर तुकडा, आता पिवळा पडून कडक झालाय, पुढच्या वेळी गवंड्याकडनं नवा मागून घ्यायचाय.